उपाशी पावडर: गोठ्याच्या मॅटमधल्या टायरच्या चुऱ्याचं एक प्रकरण

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. मालकांनी माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक काळा तुकडा ठेवला. गोठ्यातल्या रबर मॅटचा तळहाताएवढा कोपरा होता, शेतकऱ्याच्या परवानगीनं विळ्यानं कापून आणलेला. शेण धुऊन काढलं होतं तरी वास होताच.

"ताई, बसवून तीन महिने झाले नाहीत आणि म्हशीच्या खुराखाली तुकडे सुटायला लागलेत. एकाच गावातून सहा मॅटा परत आल्यात."

सांगली जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतलं हे छोटं युनिट. एक निडर, म्हणजे रबर मळणारं यंत्र, दोन रोलमधून माल काढणाऱ्या दोन मिल, साच्यात दाबून शिजवणारे तीन प्रेस आणि मिळून चौदा माणसं. मुख्य माल म्हणजे गोठ्याची मॅट. या भागात दूध हाच घरचा रोकड पैसा, त्यामुळे गोठ्यात काँक्रीटवर घसरून जनावराचा पाय मोडला की घराचं गणितच मोडतं. मॅट टिकली पाहिजे हा शेतकऱ्याचा हट्ट म्हणूनच रास्त आहे. मी रबर कंपाउंडिंगची, म्हणजे रबराचं मिश्रण ठरवून देण्याची, कामं बाहेरून करून देते. या युनिटचं मूळ मिश्रण मीच बसवून दिलं होतं, त्यामुळे तो कोपरा हातात घेताना माझ्याही पोटात गोळा आला.

आधी बदल काय झाला होता ते सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये केरळातल्या कोट्टायमच्या बाजारात आरएसएस-४ प्रतीच्या नैसर्गिक रबरानं किलोला २४० रुपयांची पातळी ओलांडली आणि २०११ चा उच्चांक मोडला. छोट्या कारखानदाराला हा भाव झेपत नाही. दुसरीकडे जुन्या टायरची पावडर, म्हणजे ज्याला बाजारात क्रम्ब म्हणतात ती, स्वस्त होती आणि हवी तेवढी मिळत होती. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारनं टाकाऊ टायरसाठी उत्पादकाची विस्तारित जबाबदारी ठरवणारे नियम आणले. टायर कंपन्यांना २०२२-२३ साठी ३५ टक्के, पुढच्या वर्षी ७० टक्के आणि २०२४-२५ पासून १०० टक्के, असं पुनर्वापराचं बंधन आलं. पुनर्वापर करणाऱ्याला त्याची प्रमाणपत्रं विकता येतात, त्यामुळे टायर दळणारे वाढले आणि पावडरही वाढली. ही चांगली गोष्ट आहे. रबराचं झाड चीक द्यायला लागायला सहा-सात वर्षं घेतं. दोडामार्गकडच्या बागांमध्ये मी वाट्यांत थेंब थेंब जमणारा चीक पाहिलाय. तो असा जमवून केलेलं टायर रस्त्यावर झिजून झाल्यावर भट्टीत जाळायचं, हे मला कधी पटलेलं नाही.

तर मालकांनी काय केलं? मूळ मिश्रणात दर शंभर भाग रबरामागे, म्हणजे साठ भाग नैसर्गिक आणि चाळीस भाग एसबीआर हे कृत्रिम रबर, तीस मेशची, म्हणजे इंचाला तीस भोकांच्या चाळणीतून गेलेली, पावडर चाळीस भाग होती. ती त्यांनी शंभर भाग केली. बाकी सगळं तसंच: कार्बन ब्लॅक पन्नास, चायना क्ले साठ, तेल दहा, गंधक अडीच, आणि शिजणं लवकर घडवणारं रसायन, म्हणजे ॲक्सिलरेटर, सीबीएस एक. पावडरचा हिस्सा वजनाच्या सुमारे पंधरा टक्क्यांवरून तीस टक्क्यांवर गेला. त्यांचा विचार सरळ होता: क्ले जशी भरतात तशी पावडर भरायची.

चूक इथेच होती, आणि ती फार लोक करतात. क्ले निर्जीव असते, ती जागा व्यापते आणि गप्प बसते. टायरची पावडर एकदा शिजलेलं रबर आहे, म्हणजे उष्णतेत गंधकानं त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून जाळं केलेलं. तिच्या पोटात जाळं आहे, कार्बन आहे, जुन्या रसायनांचे अवशेष आहेत आणि गंधकाची भूकही आहे.

पण हे सगळं मी लगेच बोलले नाही. आधी कोपरा पाहिला.

फाटलेली कडा खिडकीच्या उजेडात धरली आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं. कडेच्या अंगावर बारीक बारीक खळगे होते, कण निसटून गेल्यावर राहिलेले. प्रत्येक खळग्याची आतली भिंत गुळगुळीत, चकचकीत. शेजारी अजून न निसटलेले कण उघडे पडले होते, डाळिंबाचे दाणे साल काढल्यावर दिसतात तसे. नखानं एक कण टोकरला तर अख्खा सुटून आला, अंगाला नव्या रबराचा एक धागाही न लागता. मिश्रण आणि कण यांच्यात बांधणी झालेलीच नव्हती. तीस मेशचा कण म्हणजे साधारण ६०० मायक्रॉन, अर्ध्या मिलिमीटरहून जाड. न चिकटलेला एवढा कण म्हणजे आत आधीच कापून ठेवलेली चीर. खूर पडला की ताण त्या चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि ती एका कणापासून दुसऱ्या कणापर्यंत धावत जाते.

कोपरा ब्लेडनं आडवा चिरला तर आत टाचणीच्या टोकाएवढी भोकंही दिसली. ती वेगळ्या कारणाची होती.

दुसऱ्या दिवशी मी गोदामात गेले. पावडरच्या पिशव्या भिंतीला टेकून, थेट फरशीवर. पावसाळ्यात घेतलेला माल होता. एका पिशवीतली शंभर ग्रॅम पावडर ताटलीत घेऊन ओव्हनमध्ये १०५ अंशांवर दोन तास ठेवली. पुन्हा वजन केलं तर पावणेदोन ग्रॅम कमी भरलं. मी एक टक्क्याच्या वरचं पाणी चालवून घेत नाही. प्रेसमध्ये दीडशे अंशांवर त्या पाण्याची वाफ होते, दाबाखाली ती गप्प असते आणि प्रेस उघडला की फुगते. ती भोकं म्हणजे पाणीच.

मग चुंबक. एका घमेल्यात पावडर पसरून लाऊडस्पीकरचं जुनं चुंबक कापडात गुंडाळून फिरवलं, तर त्याला तारांची बारीक दाढी आली. हातानं चाळलं तर वर राहिलेल्या चोथ्यात नायलॉनच्या सुताचे पुंजके. हा माल अख्खं टायर दळलेला होता, साइडवॉल, बीड, सगळंच. वर त्यात ट्यूबही दळल्या गेल्या असण्याची शंका मला होती. ट्यूब बहुतेक ब्यूटाइल रबराची असते. ब्यूटाइलच्या साखळीत गंधकाला पकडायला जागाच फार थोड्या, त्यामुळे ते नैसर्गिक रबराबरोबर शिजत नाही. मिश्रणातला ब्यूटाइलचा कण म्हणजे घरातला असा पाहुणा, जो कुणाशीच बोलत नाही.

सांगली-कोल्हापुरात ट्रक भरपूर, म्हणून टायर रिमोल्ड करणारेही भरपूर. रिमोल्ड करताना जुन्या टायरचा वरचा थर खरवडून काढतात, त्याचा चुरा म्हणजे बफिंग. त्यात फक्त ट्रेडचं रबर असतं, तार नाही, सूत नाही, ट्यूब नाही. शिवाय ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबराचं प्रमाण मोटारीच्या टायरपेक्षा जास्त असतं, म्हणजे आपल्या मिश्रणाच्या जातीचंच. मी मालकांना म्हटलं, आजपासून फक्त बफिंग दळलेली पावडर घ्या, किलोमागे थोडे पैसे जास्त द्या. पिशव्या लाकडी फळ्यांवर ठेवा, पावडर वापरण्याआधी प्रेसच्या उष्णतेवर वाळवा, चुंबकावरून घाला. आणि निम्मा माल ऐंशी मेशचा घ्या.

ऐंशी मेश म्हणजे १८० मायक्रॉनच्या आसपास. कण लहान तर चीर लहान आणि बांधायला पृष्ठभाग मोठा. मग सगळीच बारीक का नाही घेतली? कारण बारीक दळण महाग असतं. द्रवरूप नायट्रोजनमध्ये रबर काचेसारखं कडक करून फोडलं तर फार बारीक करता येतं, पण तसे कण अंगानं गुळगुळीत निघतात. साध्या दळणाचे कण खडबडीत, फाटके, आणि मिश्रणाला ते जास्त घट्ट धरतात. मॅटसारख्या मालाला साध्या दळणाचं बारीक-जाड एकत्र पुरतं, असं माझं मत आहे.

नुसत्या या साफसफाईनं भोकं जवळजवळ गेली. ताकद मात्र थोडीच वाढली. म्हणजे मूळ दुखणं अजून बाकी होतं.

तिसरी तक्रार मिलवरून आली. मिलवर काम करणारे मामा या धंद्यात माझ्याहून जुने. ते म्हणाले, "मॅडम, हल्ली माल मिलवरच जळतो. शीट काढेपर्यंत त्यात गाठी धरतात. आधी असं नव्हतं." जळतो म्हणजे स्कॉर्च होतो, साच्यात जाण्याआधीच शिजायला लागतो. आणि गंमत बघा, तोच माल प्रेसमध्ये पूर्ण शिजल्यावर आधीपेक्षा मऊ लागत होता. कडकपणाचं माप, शोअर ए, ७० असायचं ते ६४. लवकर शिजायला लागतो आणि शेवटी अर्धवटच शिजतो.

जुन्या आणि नव्या मिश्रणाचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत रिओमीटरवर, म्हणजे रबर शिजताना किती घट्ट होतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, चालवून आणले. १५० अंशांवर जुन्याला शिजायला सुरुवात होण्याआधी चार मिनिटं मिळत होती, नव्याला अडीच. आणि नव्याचा वरचा टॉर्क, म्हणजे जाळं किती दाट झालं त्याचं माप, स्पष्ट खाली आला होता.

याचं उत्तर जुनंच आहे. अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये गिबाला आणि हामेद यांनी १९९४ साली दळलेलं शिजलं रबर नव्या रबरात घालून नेमकं हेच पाहिलं होतं. कण आणि मिश्रण यांच्यात दोन्ही बाजूंनी ये-जा चालते. नव्या मिश्रणातला गंधक रबरात विरघळलेला असतो. कणातला मोकळा गंधक मात्र टायर शिजतानाच संपून गेलेला असतो. जिथे जास्त तिथून जिथे कमी तिकडे, असा गंधक मिश्रणातून कणात शिरतो. उलट बाजूनं, जुन्या टायरमधले ॲक्सिलरेटरचे अवशेष, त्यात एमबीटीसारखे, कणातून बाहेर मिश्रणात येतात. सीबीएसला तुटून कामाला लागायला जो वेळ लागतो, तो एमबीटी कमी करतं. म्हणून माल मिलवर जळतो. आणि गंधक कणांनी पळवलेला, म्हणून शेवटी जाळं विरळ राहतं. सगळ्यात विरळ कुठे? नेमकं कणाच्या भोवती, जिथे बांधणी सगळ्यात घट्ट हवी तिथे. भिंगातले चकचकीत खळगे हेच सांगत होते.

मालकांना मी कागदावर हिशेब करून दाखवला. शंभर भाग पावडरमध्ये खरं रबर साधारण पंचावन्न भाग, बाकी कार्बन, तेल, राख. अडीच भाग गंधक शंभरऐवजी एकशे पंचावन्न भाग रबरात सारखा पसरला तर दर शंभरला उरतो १.६. पूर्वी पावडर चाळीस होती तेव्हा तो दोनच्या वर राहायचा. "म्हणजे आपण पावडर वाढवली आणि नकळत गंधक कमी केला," मालक म्हणाले. बरोबर तेच.

मग गंधक वाढवू की! हा पहिला उपाय सगळ्यांना सुचतो, आणि मीही केला. हे लिहिताना लपवण्यात अर्थ नाही, कारण या चुकीतूनच पुढची वाट सापडली. शेवटच्या मिलवर गंधक चार भाग घातला आणि शीटा रात्रभर ठेवल्या. सकाळी सगळ्या शीटांवर पिठूळ पांढरा थर. खोलीच्या तापमानाला रबरात गंधक फार विरघळत नाही, जास्तीचा पृष्ठभागावर येऊन बसतो. त्या शीटा एकावर एक ठेवून मॅट दाबली तर थर थराला चिकटेना, मॅट पापुद्र्यासारखी सुटली. चार मॅटा वाया गेल्या. आणि जी मॅट जुळली तिचा तुकडा ७० अंशांच्या ओव्हनमध्ये तीन दिवस ठेवल्यावर वाकवताच तडकला. नुसता जास्त गंधक म्हणजे जाळ्यात गंधकाच्या लांबलचक साखळ्या, आणि त्या उष्णतेला टिकत नाहीत.

दुपारी डबा खाताना मामांच्या डब्यात थालीपीठ होतं. मी उगाच म्हटलं, काय गोड लागतंय. म्हणाले, "रात्रीचा भात आहे यात. तुमच्या वहिनी शिळा भात आधी पाण्याचा हबका मारून, मीठ-तिखट लावून कुस्करून ठेवतात, मग पीठ घालतात. कोरडाच घातला तर भाताचं शीत पिठातलं पाणी ओढून घेतं, मग थालीपीठ थापताना चिरतं."

माझा घास हातात राहिला.

तीच गोष्ट होती. पावडर उपाशी आहे, आणि ती उपाशीपोटी मिश्रणात गेली तर मिश्रणाचं खाणार. तिला आधीच खायला घालून मिश्रणात पाठवली पाहिजे. हे तत्त्व रबराच्या धंद्यात नवीन नाही. पावडरच्या अंगावर द्रवरूप पॉलिमर आणि गंधकाचा लेप देऊन ती विकणारे परदेशात पूर्वीपासून आहेत. पण ते आपल्या निडरच्या शेजारी, दोन पत्र्याच्या पिंपांत करता येईल, हे मला थालीपिठानं दाखवलं.

आम्ही जे केलं ते असं. शंभर किलो वाळवलेल्या पावडरला सहा किलो प्रोसेस तेल आणि एक किलो बारीक गंधक. गंधक आधी कोमट तेलात घोटायचा, मग ते तेल पावडरवर थोडं थोडं शिंपडत फावड्यानं कालवायचं, आणि पिंपात भरून रात्रभर प्रेसच्या शेडमध्ये ठेवायचं. तेलानं कण फुगतो, जाळं सैलावतं आणि गंधकाला आत शिरायला वाट मिळते. हे तेल वरून जास्तीचं नाही, मिश्रणातल्या दहा भागांतूनच काढलेलं.

इथे एक इशारा तळमळीनं देते. तेलात भिजलेली रबर पावडर मोठ्या ढिगात ऊब धरते आणि स्वतःहून पेटू शकते. म्हणून लहान पिंपं, झाकण सैल, एका दिवसाचाच माल, आणि सकाळी हात घालून बघायचं. पिंप शेडपेक्षा गरम लागलं तर माल उघड्यावर पसरायचा. बाहेर गरम करून घाई करायची नाही.

सकाळी भिजलेली पावडर गार मिलवर जाते. रोल पाण्यानं थंड, फट अगदी कमी, पोस्टकार्डाच्या जाडीची. पावडर पहिल्यांदा पडते तशीच खाली पडते. मामा ती पत्र्यावरून उचलून पुन्हा टाकतात. चौथ्या-पाचव्या फेरीला ती एकमेकांना धरायला लागते, आठव्याला जाळीदार पापड येतो, बाराव्याला फाटकी का होईना पण शीट. हे पाहणं मला अजून आवडतं. दोन रोल वेगवेगळ्या वेगानं फिरतात, कण त्यांच्यामध्ये चिरडला आणि ओढला जातो, आणि त्याच्या अंगावरचे जाळ्यातले दुवे तुटतात. गंधक-गंधक दुवा कार्बन-कार्बन दुव्यापेक्षा कमकुवत, म्हणून नशिबानं जास्त करून तोच तुटतो. आतला गाभा शिजलेलाच राहतो, पण वरची साल मोकळी होते, आणि मोकळ्या साखळ्यांची टोकं नव्या रबरात मिसळतात. गार ठेवण्याचं कारणही तेच. गरम रबर मऊ होऊन निसटतं, गार रबरावर जोर बसतो.

या मिलवरच्या पद्धतीला रसायनाची जोड देता येते. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २००० च्या सुमारास डायअलाइल डायसल्फाइड मुख्यतः असलेला एक वनस्पतिजन्य पदार्थ वापरून मिलवरच जुनं रबर मोकळं केलं होतं. हे डायअलाइल डायसल्फाइड लसणाच्या तेलातही असतं. आम्ही थोडंसं करून पाहिलं. माल चांगला निघाला, पण लसणाचा वास शीटांमध्ये राहिला आणि रसायनाचा भाव मॅटला परवडणारा नव्हता. टीएमटीडी हे ॲक्सिलरेटर जातीचं रसायन स्वस्त आहे आणि तेही हे काम करतं, पण त्याला मी नाही म्हटलं आणि त्यावर ठाम राहिले. ते तापल्यावर त्यातून कॅन्सरला कारण होणारं नायट्रोसामीन तयार होऊ शकतं. मिल उघडी असते, धूर मामांच्या तोंडावर जातो. चार रुपये वाचवण्यासाठी ते करायचं नाही.

ट्रान्स-पॉलिऑक्टेनामर, बाजारातलं नाव व्हेस्टेनामर, हेही एकदा वापरलं. ५४ अंशांच्या आसपास वितळतं, मिसळताना तेलासारखं वागतं आणि शिजताना गंधकानं जाळ्यात बांधलं जातं. काम उत्तम. किंमत मॅटच्या आवाक्याबाहेर.

आता राहिला मिश्रणातला गंधक. पावडरच्या पोटात एक भाग आधीच गेला होता, मिश्रणात अडीच ठेवला. एकूण साडेतीन, म्हणजे मघाच्याच हिशेबानं दर शंभराला सव्वादोनच्या आसपास. फसलेल्या चाचणीपेक्षा अर्धा भाग कमीच, पण यावेळी तो योग्य जागी होता. शिवाय मिश्रणातला गंधक बदलून न विरघळणारा, म्हणजे इन्सोल्युबल प्रकारचा घेतला. हा गंधक गार रबरात विरघळत नाही, त्यामुळे शीटवर पांढरा थर येत नाही आणि रात्रभरात तो पावडरकडे सरकतही नाही. तापल्यावर साधा होऊन कामाला लागतो. अट एकच: शेवटच्या मिलवर माल शंभर अंशांच्या खाली ठेवायचा, नाहीतर तो तिथेच साधा होतो आणि जास्तीचे पैसे पाण्यात. मामांनी मिलशेजारी थर्मामीटर टांगलं.

मिलवर जळण्यावर उपाय दोन. सीबीएस एकवरून पाऊण भागावर आणलं, कारण पावडर आपल्याबरोबर थोडा ॲक्सिलरेटर घेऊनच येते. आणि पीव्हीआय, म्हणजे माल वेळेआधी शिजू न देणारं रसायन, पाव भागापेक्षा कमी घातलं. पीव्हीआय एमबीटीलाच पकडतं, म्हणून या दुखण्यावर ते इतकं चपखल बसतं. पावडरमधून बाहेर येणारा नेमका तोच घटक ते काही काळ बांधून ठेवतं.

प्रेसवर फार काही बदललं नाही. दाब दिल्यावर प्रेस तीनदा किंचित उघडून हवा काढायची, म्हणजे बम्पिंग, ते मुलं एकदाच करून सोडून देत होती, ते पक्कं केलं. तापमान १५० च करून ठेवलं. उत्पादन वाढवायला १६५ करू का, असं मालकांनी विचारलं होतं. सतरा मिलिमीटर जाड मॅटच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचेपर्यंत वरचं नैसर्गिक रबर जास्त शिजून पुन्हा मऊ पडतं, म्हणून नको म्हटलं.

मार्चमध्ये सगळं एकत्र करून केलेल्या मॅटांचे नमुने प्रयोगशाळेतून आले. पावडर चाळीस भाग असतानाच्या मूळ मॅटची ताणताकद चौरस सेंटिमीटरला ९० किलो होती, मालकांनी पावडर वाढवल्यावर ५५, आणि आता ७८. तुटेपर्यंत ताणलं जाणं ३३० टक्क्यांवरून २३० वर गेलं होतं, ते ३०० वर आलं. शोअर ६९. रिओमीटरवर सुरुवातीला जवळजवळ चार मिनिटं पुन्हा मिळू लागली. फाटण्याला विरोध मूळ मॅटच्या बरोबरीचा निघाला, आणि गोठ्यात कामाचा आकडा तोच आहे. पावडर तेवढीच, शंभर भाग. खर्चात बारीक पावडर, इन्सोल्युबल गंधक आणि मिलवरची मजुरी वाढली, पण वाचलेल्या रबराचे पैसे त्याहून जास्त होते.

मला या कागदापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त पटली. नव्या मॅटचा तुकडा पकडीत धरून फाडला आणि पुन्हा खिडकीशी जाऊन भिंग लावलं. चकचकीत खळगे थोडेच राहिले होते. बहुतेक ठिकाणी चीर कणाला वळसा घालून गेली नव्हती, कणाच्या अंगातून गेली होती. अर्धा कण या तुकड्यात, अर्धा त्या. कण फुटला पण सुटला नाही. मालकांच्या हातात भिंग दिलं, ते बराच वेळ बघत राहिले.

सगळं परत मिळालं असं मात्र नाही. कम्प्रेशन सेट, म्हणजे दाबून ठेवल्यावर पूर्ववत न होणं, मूळ मॅटपेक्षा वाईटच राहिलं. पुन्हा पुन्हा वाकण्याला हे रबर कच्चं आहे, कारण कण कितीही चांगला बांधला तरी तो चिरेला सुरुवात करून देणारी जागाच असतो. आणि ताणल्यावर नैसर्गिक रबराच्या साखळ्या स्फटिकासारख्या ओळीनं बसून चीर अडवतात, तो गुण जुन्या शिजलेल्या कणांच्या गर्दीत बराच बिघडतो. मॅटला हे चालतं, ती जमिनीवर पडून असते. म्हणून मालकांनी जेव्हा विचारलं की याच मालातून ट्रॉलीचे बुश मारू का, तेव्हा मी स्पष्ट नकार दिला. बुश दिवसातून हजारो वेळा पिळलं जातं. तिथे पावडर दहा भागांच्या वर नको, आणि तीसुद्धा ऐंशी मेशच्या पुढची. ते थोडे नाराज झाले, पण बुशचं मिश्रण वेगळं ठेवलं.

परत आलेल्या सहा मॅटांच्या जागी नव्या सहा एप्रिलमध्ये त्याच गावात बसवल्या, पैसे न घेता. उन्हाळ्यात मिलवर एकही बॅच जळली नाही. जूनच्या शेवटी मुसळधार पाऊस लागला तेव्हा मी सहज म्हणून गोदामात डोकावले. पिशव्या फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, वर ताडपत्री. मामांनी ओव्हनशेजारी एक वही टांगलीय. रोज सकाळी शंभर ग्रॅम पावडर तोलायची, वाळवायची, पुन्हा तोलायची आणि आकडा लिहायचा. त्या दिवशीचा आकडा ०.६ होता. आदल्या दिवशीचा १.३, आणि त्याच्यासमोर मामांच्या अक्षरात लिहिलं होतं: "लॉट थांबवला, वाळत घातलाय."